उद्धवरावांचा तिसरा बोल्ट

भालकीजवळच्या मेहकरात कुणाचा नळ गळायला लागला, सायकलची चेन अडकली किंवा कडबा कापायच्या यंत्राचं काही बिनसलं, की घरातली माणसं एक काळजी आधी घेतात. ही बातमी उद्धवराव बिरादारांच्या कानावर जाता कामा नये. कारण उद्धवराव बोलावण्याची वाट बघत नाहीत, थेट पाना घेऊन येतात. ते आले की जे गळत होतं ते वाहायला लागतं आणि जे अडकलं होतं ते तुटतं. हे गावाने पाठीमागे केलेलं वर्णन नव्हे. खुद्द उद्धवरावांनी चहाच्या हॉटेलात बाकड्यावर मांडी ठोकून हे कितीतरी वेळा सांगितलंय, आणि सगळे हसून झाल्यावर स्वतः पुन्हा एकदा हसलेत.

"देवानं मला हातात जोर दिला," ते म्हणतात, "आन अक्कल द्यायच्या टायमाला त्याच्याकडं दुसरं गिऱ्हाईक आलं."

हातात जोर मात्र खरा. साठी उलटली तरी सोयाबीनचं पोतं एका झटक्यात खांद्यावर घेणारा माणूस. मनगट असं की बांगड्या भरणाऱ्या कासारानेही माप घेताना विचार केला असता. असा हात जुन्या, गंजलेल्या बोल्टवर पडला की त्या बोल्टचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. शाळेच्या घंटेचा बोल्ट त्यांनी घट्ट करता करता तोडला, तेव्हा गुरुजींना काही दिवस ताट वाजवून शाळा भरवावी लागली. नागूबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माहेरून आणलेलं शिलाई मशीन त्यांनी तेल घालण्यासाठी उघडलं. ते आजही उघडंच आहे. त्यावर नागूबाई पापड वाळत घालतात.

या सगळ्या गोष्टी उद्धवराव रंगवून सांगत. फक्त एक गोष्ट ते सांगत नसत. ती दुसरेच सांगत, तीही अफजलपुरात, त्यांच्या लेकीच्या सासरी.

त्यांची एकुलती एक लेक दीपमाला. तिचं लग्न झालं तेव्हा व्याही भीमण्णा म्हणाले होते, नवरीला आमच्या गाडीतून नेतो. उद्धवरावांनी ऐकलं नाही. आपली लेक आपल्या जीपमधून सासरी जाणार म्हणजे जाणार. जीप जुनीच, लांब अंगाची, एकेकाळी भालकीच्या रस्त्यावर माणसं वाहून पोट भरणारी. पण त्या दिवशी तिला झेंडूच्या माळा घालून असं सजवलं होतं की नवरी कोण हा प्रश्न पडावा. कलबुर्गी मागे पडलं, चौडापूर मागे पडलं आणि जीप धापा टाकत उभी राहिली. डिझेलच्या नळीत हवा धरली होती. एक बारका बोल्ट जरा सैल करायचा, हवा जाऊ द्यायची, पुन्हा आवळायचा, एवढंच काम. ड्रायव्हरने तसंच सांगितलं. उद्धवराव नव्या फेट्यानिशी खाली उतरले, ड्रायव्हरच्या हातातून पाना घेतला आणि तो बारका बोल्ट मुळापासून तोडला. डिझेल रस्त्यावर सांडलं. वऱ्हाडाच्या गाड्या केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या. शेवटी कारखान्याला निघालेला उसाचा ट्रॅक्टर थांबला आणि दीपमाला शालूसकट, मुंडावळ्यांसकट ड्रायव्हरशेजारच्या पत्र्यावर बसून सासरच्या दारात पोचली. मागे दोन ट्रॉल्या ऊस.

भीमण्णा मनाने वाईट नाहीत, पण गोष्ट मिळाली की सोडणारे नाहीत. अफजलपुरात बारसं असो, साखरपुडा असो, "आमची सून उसासंगं आली" हे वाक्य एकदा तरी व्हायचंच. उद्धवराव समोर असले की तेही हसायचे. न हसून करतात काय? पण घरी परतताना बसच्या खिडकीतून बाहेर बघत बसायचे. स्वतःच्या हसण्याचं त्यांना काही वाटत नसे. लेकीला त्या पत्र्यावर बसवलं, हे मात्र आत खुपत होतं.

यंदा दीपमालाने अफजलपुरात नवं घर बांधलं. वास्तुशांतीचं सांगायला तिचा फोन आला.

"अप्पा, बेस्तरवारी वास्तू हाय. तुमी आन आई आदल्या दिवशीच या."

"येतो की."

"आन अप्पा... बसनं या."

"कामून? जीप हाय की घरची."

"तसं न्हाई ओ. लांब पडतंय. बसनं आरामात येताल."

फोन ठेवल्यावर उद्धवराव बराच वेळ ओसरीवर बसून राहिले. त्यांना वाईट वाटलं. लेकीला आपल्या जीपची लाज वाटते, म्हणजे पर्यायाने आपली, आणि त्यात तिची चूक काय? ट्रॅक्टरच्या पत्र्यावर आपण स्वतः थोडेच बसलो होतो? पण वाईट वाटून गप्प बसेल तो उद्धवराव कसला. थोड्या वेळाने ते उठले आणि नागूबाईंना म्हणाले, "मी जीपच नेतो. कुठं थांबत न्हाई, कुठं तापत न्हाई, सरळ भीमण्णाच्या दारात जाऊन हॉर्न वाजवतो. पोरीची मान वर झाली पायजे."

नागूबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली, नवऱ्याकडे बघितलं, आणि पुन्हा सुपाकडे बघितलं.

अडचण एकच होती. जीप तापत होती. भालकीच्या बाजाराला जाऊन यायचं म्हटलं तरी वाटेत एकदा बोनेट उघडून तिला वारा घालावा लागे. म्हणून मंगळवारी सकाळी उद्धवरावांनी तिला हळूहळू, लाडीगोडी लावत भालकीत गुरुपादय्यांच्या गॅरेजात नेलं.

गुरुपादय्या हे जंगम. लोक त्यांना स्वामी म्हणत. घरोघरी पूजेला, नामकरणाला, गाडीपूजेला त्यांना बोलावणं असे, आणि उरलेल्या वेळात ते इंजिनं उघडत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग आणि कोपरापर्यंत काळं ऑइल. दोन्ही कामांबद्दल त्यांना स्वतःचा मोठा अभिमान. "माझ्या मंत्रानं चालू झालेली गाडी माझ्याच पान्यानं दुरुस्त होतेय," असं ते म्हणत, आणि यात काही विसंगत आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. गॅरेजात येणाऱ्या माणसाला ते आधी रागवत, मग चहा पाजत, मग गाडी बघत.

"तुमी इंजनाला हात लावलाव का?" त्यांनी उद्धवरावांना पहिला प्रश्न हाच विचारला.

"न्हाई स्वामी. शपथ."

"मंग सुधरंल."

बोनेट उघडून ते वाकले. इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर एक झडप असते. पाणी तापलं की तिने उघडायचं, एवढंच तिचं काम. ती अडकून बसली होती. झडप बदलणं म्हणजे चहा पिता पिता होणारं काम. तिच्यावरचं झाकण तीन बोल्ट काढले की सुटतं. पण ते तीन बोल्ट कुठे आहेत तेच आधी शोधावं लागलं. झाकणावर एक जाड खपली धरली होती. गुरुपादय्यांनी तारेचा ब्रश घेऊन ती खरवडायला सुरुवात केली. वरचा थर तांबडा. त्याखाली पिवळा. त्याखाली पुन्हा तांबडा. मग एक खोबऱ्याचा वाळका तुकडा निघाला.

गुरुपादय्यांनी तो तुकडा बोटात धरून उजेडात बघितला. "हे काय हो?"

"नारळ," उद्धवराव म्हणाले.

आता हे सांगायलाच हवं. त्या भागात गाडी असलेला माणूस अमावास्येला गाडीची पूजा करतो. हळदकुंकू, लिंबू, चाकापुढे नारळ. उद्धवराव देवाधर्माचे पक्के, पण डोकं स्वतःचं चालवायचे. त्यांचं म्हणणं असं की गाडी ओढतंय कोण? इंजिन. आणि नारळाचं पाणी मिळतंय कुणाला? चाकाला. हा कुठला न्याय? म्हणून जीप घेतली तेव्हापासून दर अमावास्येला ते बोनेट उघडत, इंजिनाला हळदकुंकू वाहत आणि नारळ फोडून त्याचं सगळं पाणी, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात तीर्थ सोडावं तशा मायेने, इंजिनावर ओतत. खंडेनवमीला पाच नारळांचं. "आहो, लोखंड हाय ते, गंजंल," असं नागूबाई सुरुवातीची काही वर्षं म्हणाल्या. मग म्हणायच्या थांबल्या.

"स्वामी, पूजा तर तुमीच सांगितली व्हती," उद्धवरावांनी आता आपली बाजू मांडली.

"मी नारळ फोडा म्हणलो!" गुरुपादय्यांचा आवाज शेजारच्या पंक्चरवाल्यापर्यंत गेला. "पाजा म्हणलो न्हाई!"

गॅरेजातली सगळी माणसं हसली. उद्धवरावही हसले. इतकी वर्षं रस्त्याला, डिझेलला, कंपनीला आणि भालकीतल्या यच्चयावत मिस्त्रींना त्यांनी शिव्या घातल्या होत्या. आणि जीपला आतून खाणारा माणूस दर महिन्याला आंघोळ करून, सोवळ्याने येत होता. 'वाह रे भक्ता,' त्यांनी मनातल्या मनात स्वतःला हात जोडले.

पहिला बोल्ट गुरुपादय्यांनी त्यांच्या पद्धतीने काढला, आणि ती बघताना उद्धवरावांच्या जिवाचे हाल झाले. आधी ब्रशने बोल्टचं डोकं लखलखीत केलं. मग त्याच्या बुडाशी डिझेल आणि ब्रेक ऑइलचं मिश्रण थेंब थेंब सोडलं. मग चहा. मग हातोडीने त्या डोक्यावर हलक्या टकटकी, पाहुण्याने शेजारच्या घराचं दार वाजवावं तशा. मग पुन्हा तेल. मग पाना लावला, आणि सोडायचा सोडून आधी घट्ट केला.

"उलटं करायलाव स्वामी!"

"गप बसा. आधी जरासा आवळायचा. मंग गंजाला कळतंय की कोणीतरी आलंय. मंग सोडायचा. सुटला की पुन्हा जरा आवळायचा. दोन पावलं म्होरं, एक पाऊल मागं."

"असं करत करत खंडेनवमी येईल."

"येऊ द्या. नारळ मात्र आणू नका."

पहिला बोल्ट कुरकुरत, लाल भुकटी सांडत, आला बाहेर. दुसऱ्याने जास्त वेळ खाल्ला. त्याला गॅसच्या ज्योतीने शेकावं लागलं, थंड होऊ द्यावं लागलं, पुन्हा तेल पाजावं लागलं. उद्धवराव या काळात गॅरेजात किती वेळा उठले आणि बसले याचा हिशेब नाही. त्यांच्या तळहातांना खाज सुटली होती. त्यांना पाना दिला असता तर ते तिन्ही बोल्ट केव्हाच बाहेर असते, असं त्यांना वाटत होतं. कोणत्या अवस्थेत असते, हा विचार त्यांनी केला नाही.

तिसऱ्या बोल्टला तेल सोडून गुरुपादय्यांनी हात धुतले. एका घरी नामकरणाला जायचं होतं. त्यांनी धोतर बदललं, भस्म ताजं केलं आणि बाहेर पडता पडता वळून उभे राहिले.

"उद्धवराव, मी जेवूनच येणार. त्याला तेल पिऊ द्या. हात लावायचा न्हाई."

"लावतो कशाला स्वामी."

"नजर बी लावू नका."

गुरुपादय्या गेले. उद्धवराव टायरवर बसले. त्यांनी खरोखर मनाशी ठरवलं होतं की हात लावायचा नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. वेळ जावा म्हणून त्यांनी नागूबाईंना फोन केला.

"दोन सुटले. एकच ऱ्हायलाय. संध्याकाळी जीप घरी."

"स्वामी हायेत का तिथं?"

"जेवायला गेलेत."

मग नागूबाई म्हणाल्या, "तुमी बी जेवून या. हाटेलात जावा. लांबच्या."

पण उद्धवरावांना भूक नव्हती. ते बोल्टकडे बघत होते. बोल्ट त्यांच्याकडे बघत होता. उद्याचा दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत होता. धुतलेली जीप, शेजारी नागूबाई, अफजलपूरचा रस्ता, भीमण्णाचं दार, हॉर्न, आणि धावत बाहेर येणारी दीपमाला. या सगळ्याच्या आणि त्यांच्या मधे फक्त हा करंगळीएवढा लोखंडाचा तुकडा उभा. तेल तर पिऊन झालंच असेल की. माणूस एवढ्या वेळात कळशीभर पितो. नुसतं बघावं, सैल झालाय का. बघण्याला हात लावणं म्हणत नाहीत.

त्यांनी पाना लावला. बोल्ट हलला नाही. त्यांनी जरा जोर लावला. हलला नाही. कोपऱ्यात एक लोखंडी नळी पडली होती. ती पान्याच्या दांड्यावर चढवली की दांडा लांब होतो आणि जोर वाढतो. ज्यांना मुळात जोर कमी असतो, त्यांच्यासाठी ही युक्ती. उद्धवरावांनी नळी चढवली आणि श्वास रोखून ओढली.

आणि बोल्ट फिरला.

खरंच फिरला. जोर लावलाच नसावा असा, गुळाच्या पाकासारखा मऊ फिरला. उद्धवरावांना इतका आनंद झाला की त्यांनी एका हाताने नळी धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने नागूबाईंना पुन्हा फोन लावला.

"सुटला!" ते ओरडले. "मी सोडवला! ऐकायलीस का? स्वामी दिवसभर टकटक करायलेत आन मी एका..."

टक्.

आवाज फार मोठा नव्हता. नळी एकदम हलकी झाली आणि उद्धवराव फोनसकट मागच्या टायरांच्या ढिगात बसले. पान्यात बोल्टचं डोकं होतं. बाकीचा बोल्ट जिथे होता तिथेच होता, आत, छिद्राच्या कडेखाली, कशानेही धरता येऊ नये इतका आत. तो फिरला नव्हता. पिळला गेला होता. अंग पिळून घेतलं आणि मान मोडून दिली.

"काय झालं?" फोनमधून नागूबाई विचारत होत्या. "आहो, काय झालं?"

उद्धवरावांनी फोन बंद केला.

गुरुपादय्या परतले तेव्हा त्यांच्या तोंडात पान होतं आणि चेहऱ्यावर जेवणाचं समाधान. त्यांनी टायरवर बसलेले उद्धवराव बघितले, झाकण बघितलं, पान्यातलं डोकं बघितलं. ते रागावतील म्हणून उद्धवराव तयार होते. पण ते रागावले नाहीत. त्यांनी बाहेर जाऊन पान थुंकलं, आत आले आणि हळूच म्हणाले, "कामून केलाव असं?"

"मला वाटलं सुटायलाय."

"तसंच वाटतंय तुटायच्या आधी."

मग त्यांनी काम समजावून सांगितलं. आता बोल्ट आत तुटलाय, वर काही उरलं नाही, त्यामुळे त्यावर नट वेल्ड करून ओढायचीही सोय नाही. इंजिनाचं हेड उतरवायचं, बिदरला मशीनवर न्यायचं, मधोमध छिद्र पाडायचं, नवे आटे काढायचे. पुढचा आठवडा धरा.

"दोन बोल्टांवर न्हाई का चालणार? अफजलपूरपर्यंतच."

"पाणी सगळं रस्त्यावर."

"तारेनं आवळलं तर?"

गुरुपादय्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्धवराव, घरी जावा."

भालकीहून मेहकरला उद्धवराव दुसऱ्याच्या रिक्षात, मागच्या बाजूला, पाय बाहेर सोडून आले. घरात शिरले तर कोपऱ्यात कपड्यांच्या दोन पिशव्या, सकाळी ते निघताना होत्या तशाच, भरून तयार होत्या. लोखंडी ट्रंक, जी जीपने जाताना नेहमी न्यायची, ती खाटेखालीच होती.

"ट्रंक कामून न्हाई भरलीस?"

"बसमधी ट्रंक कुठं ठेवायची," नागूबाई म्हणाल्या.

"पण तू तर सकाळीच भरलीस हे."

नागूबाई चुलीकडे वळल्या. त्यांनी ताट वाढलं, आणि त्या दिवशी कधी नव्हे ती भाकरीवर लोण्याचा गोळा मोठा ठेवला.

बुधवारी ते बसने निघाले. हुमनाबादला गाडी बदलली, कलबुर्गीला बदलली. वाटेत उद्धवरावांनी एक निर्णय घेतला. भीमण्णाने विचारायच्या आत आपणच सगळं सांगून टाकायचं. नारळ, नळी, फोन, सगळं. लोक हसणारच आहेत, तर आपल्या तालावर हसू देत. लेकीची मान वर करता आली नाही, निदान कार्य तरी हसतखेळत होऊ दे. हे ठरल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की चौडापूर आलं तेव्हा त्यांनी नागूबाईंना ती जागासुद्धा दाखवली, जिथे डिझेल सांडलं होतं.

नवं घर गावाच्या कडेला, भीमेकडे जाणाऱ्या रस्त्याला होतं. टुमदार, दोन खोल्या आणि ओटा. दीपमाला फाटकातच उभी होती. आईला मिठी मारता मारता ती रस्त्याकडे बघत होती, मागे काही येतंय का असं. उद्धवरावांच्या डोळ्यांत भरलं ते फाटक. घर एवढंसं आणि फाटक वाड्याचं. दोन दारांचं, रुंद, आणि रस्त्यापासून आतपर्यंत सिमेंटचा उतार. आत नुसती जावयाची मोटारसायकल, एका कोपऱ्याला टेकून.

"काय गं, एवढं फाटक?" ते खो खो हसले. "हत्ती बांधायचाय का?"

दीपमाला पिशवी घेऊन आत गेली.

ओट्यावर पाहुणे जमले होते. चहा आला आणि भीमण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "पाव्हणं, जीप कुठं?"

झालं. उद्धवराव सुरू झाले. अशी गोष्ट त्यांनी आयुष्यात सांगितली नव्हती. अमावास्येच्या नारळापासून धरली. गुरुपादय्यांचा आवाज काढला, "पाजा म्हणलो न्हाई" म्हणताना स्वतःच्या कपाळावर भस्माचे पट्टे ओढल्यासारखं केलं. नळी म्हणून कुणाचीतरी छत्री घेतली. "सुटला!" असं ओरडले आणि टक् म्हणत ओट्यावर धपकन बसले. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, भीमण्णांना ठसका लागला. मग तर उद्धवरावांनी लग्नाच्या दिवशीची गोष्टही स्वतःच्या तोंडाने सांगितली. फेटा, डिझेल, पत्रा, ऊस. आता भीमण्णांकडे सांगायला काही उरलंच नाही. डोळे पुसत त्यांनी व्याह्यांची पाठ थोपटली.

तेव्हा उद्धवरावांच्या लक्षात आलं की दीपमाला हसत नाहीये. बोल्टची गोष्ट चालली तेव्हा ती आत चहा करत होती; आत्ताच दाराशी आली होती, आणि तशीच अंगणात गेली.

भीमण्णा जरा गंभीर झाले. "पाव्हणं, तुमी त्या फाटकाला हसलाव, ते बरं न्हाई केलाव," ते हळूच म्हणाले. "पोरीनं गवंड्यासंगं भांडण केलं त्याच्यापायी. नकाशात बारकं फाटक व्हतं, मोटारसायकलीपुरतं. ही म्हणली, माझ्या अप्पाची जीप आत आली पायजे. तिची रुंदी हिला पाठ. त्याच्यासाठी एक खोली आखूड केली."

उद्धवराव उठले. अंगणात दीपमाला फाटकाचं एक दार धरून उभी होती.

"पोरी," ते म्हणाले, "तूच तर बसनं या म्हणलीस."

"म्हणले. वाटेत पुन्हा काही झालं तर तुमालाच वाईट वाटतंय म्हणून म्हणले." तिचे डोळे भरले होते. "पर मला वाटलं, तुमी ऐकणार न्हाईत. आजवर माझं कधी ऐकलाव अप्पा? आजच कामून ऐकलाव?"

उद्धवरावांनी तोंड उघडलं. अशा वेळी त्यांच्या तोंडातून काहीतरी निघायचंच, माणसं हसायची आणि वेळ निभावून जायची. समोर सिमेंटचा कोरा उतार होता, त्यावर अजून एकाही चाकाचा वळ नव्हता.

"बोल्ट तुटला गं," एवढंच ते म्हणाले, आणि या वेळी कुणीच हसलं नाही.